काळे खांब

“सायेब, हे काळं काहून करून राहिलो आपण?” मैदानाचा माळी देवराव ब्रश घेऊन गोलपोस्टसमोर उभा होता.

“पांढरं वरतून दिसते ना गा,” मनोहरराव म्हणाले. “विमानाले.”

मनोहरराव विद्यापीठाचे क्रीडा संचालक. उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नाही, पण सत्काराचा नारळ कधी सोडला नाही. सीमेवर लढाई पेटली आणि या गृहस्थांच्या अंगात वीरश्री संचारली. शत्रूचं विमान एवढ्या लांब नागपूरपर्यंत येणार आणि सगळं शहर सोडून मुलींच्या फुटबॉलचे खांब शोधणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. खांब काळे झाले, मैदानाचे दिवे बंद ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. पेपरात फोटो आला, त्यात ब्रश मनोहररावांच्या हातात होता.

विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची गोलकीपर नंदिनी. कन्हानच्या नदीतल्या वाळूत झेपा घ्यायला शिकलेली. संघ पहिल्यांदाच आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता, तोही घरच्या मैदानावर. पुढच्या वर्षी ती स्पर्धेच्या वयोमर्यादेत बसणार नव्हती. हा तिचा शेवटचा सामना, आणि तिला तो जिंकायचा होता.

ऊन उतरल्यावर सामना सुरू व्हायचा होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि मग मनोहररावांनी माइक धरला. खेळाडूही सैनिकच असतो, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. दोन्ही संघ घामाघूम उभे. तेवढ्यात प्रेक्षकांचे फोन वाजू लागले. युद्धविराम झाला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आपल्यालाच आहेत असं समजून मनोहररावांनी भाषण आणखी लांबवलं.

ते खाली उतरले तेव्हा सूर्य बुडायला आला होता. नंदिनी पुढे झाली.

“सर, लढाई थांबली म्हणते. आता त लाइट लावा.”

“लेखी आदेश आला का?”

“सगळ्याईच्या मोबाइलवर आला ना, सर.”

“मोबाइलवर काहीबी येते. उद्या मले कोणी विचारलं त?”

“मंग मॅच उद्या घ्या.”

“चीफ गेस्ट आज आहेत,” मनोहरराव म्हणाले.

पंचांनी आकाशाकडे पाहिलं, मग मनोहररावांकडे पाहिलं आणि शिट्टी वाजवली. पुढच्या नेमणुकांवर सही कोणाची असते, ते पंचांना पक्कं ठाऊक होतं.

उत्तरार्धात, दाटत्या अंधारात, पांढरा चेंडू उजव्या बाजूनं आला. नंदिनीला चेंडू दिसला, खांब दिसला नाही. तिनं पूर्ण ताकदीनं झेप घेतली. मनगट खांबावर आदळलं, चेंडू आत गेला. त्या एका गोलनं सामना गेला.

ती हात पोटाशी धरून बसली होती. मनोहरराव फोटोग्राफरला घेऊन तिच्याजवळ आले.

“इकडं पाह्य, बेटा. देशासाठी हात मोडला तू.”

“देशानं नाही मोडला, सर. तुमच्या काळ्या खांबानं मोडला,” नंदिनी म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. पेपरात ती पाठच आली, शेजारी हसणारे मनोहरराव.

सोमवारी ती प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मैदानावर आली. देवराव खांब पुन्हा पांढरे करत होता. या वेळी फोटो काढायला कोणी नव्हतं.

“काका, मले द्या ब्रश.”

“आराम कर ना वं, पोरी.”

तिनं हात पुढे केलेलाच ठेवला. देवरावनं ब्रश दिला. ज्यानं हात मोडला तो खांब तिनं डाव्या हातानं, हात पोचेल तिथवर पांढरा केला. मग खिशातून हातमोजा काढून देवरावला दिला.

“स्टोअरमध्ये जमा करून द्या.”

“दुसरा?”

“दवाखान्यात कापून काढला.”

देवरावनं तो हातमोजा नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. ती गोलच्या रेषेवर थोडी थांबली, मग कन्हानची बस धरायला निघाली.