लाभार्थीने पापणी मिटावी

दीपाच्या नावावर अर्धा एकर केला तेव्हा रंगनाथरावांचा केवढा उदोउदो झाला. भीमजयंतीच्या स्टेजवर शाल मिळाली, सुनेला लेक मानणारा सासरा म्हणून वक्त्यांनी त्यांना पार डोक्यावर घेतलं. तिसगावजवळच्या त्या वस्तीवर असं पहिल्यांदाच घडत होतं. बाईच्या नावानं अर्ज केला की ट्रॅक्टरला अनुदान जास्त मिळतं, हे वक्त्यांना ठाऊक नव्हतं आणि रंगनाथरावांनीही सांगायची घाई केली नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. वाईट असता तर दीपाला सोपं गेलं असतं.

दीपा नर्सिंग शिकलेली. राहात्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. तिच्या नवऱ्यानं, नितीननं, तिथं खोलीही बघून ठेवली होती. त्याचा टेम्पो काय, कुठंही चालला असता. अडलं होतं एका फोटोवर. ट्रॅक्टर दारात आला होता, पण अनुदान खात्यावर पडायचं तर कृषी खात्याच्या माणसानं येऊन लाभार्थीचा चेहरा ट्रॅक्टरशेजारीच मोबाईलात घ्यायला हवा होता. तो माणूस काही येईना. दवाखान्यानं एकदा मुदत वाढवून दिली, आता पुन्हा देणार नव्हता. फोटो झाला की खुशाल जा, असं सासऱ्यांनी कबूल केलं होतं. त्या शब्दावर तिनं दिवस ढकलले.

शुक्रवारी कृषी खात्याच्या माधुरी मॅडम आल्या एकदाच्या. सासूच्या, भामाबाईंच्या सांगण्यावरून दीपा ठेवणीतली साडी नेसली, ट्रॅक्टरला हार घातला. जीव नुसता हलका झाला होता तिचा. बॅग आत भरून ठेवलेली होती.

चहा पिता पिता मॅडमनी नियम सांगितले. ट्रॅक्टर सहा वर्षं विकता येणार नाही. मधेच कधीही तपासणी होईल, आणि लाभार्थी इथंच राहून शेती करताना दिसला पाहिजे. रंगनाथरावांनी मान डोलावली. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. मग त्यांनी हौसेनं विचारलं, दीपाच्याच नावानं ठिबकचा आणि विहिरीचा अर्ज टाकलाय, त्यालाही असाच फोटो लागेल ना? लागेल, मॅडम म्हणाल्या.

दीपानं चहाचा ट्रे खाली ठेवला. तिनं विचारलं, "मामा, मग सोमवारी मी जाऊ ना?"

"आता कसं जाशील, पोरी?" रंगनाथराव अगदी मायेनं म्हणाले. "जिमीन कुनाची हाय? मालकीनच न्हाई म्हनल्यावर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

कोंडून घातलं असतं तर ती भांडली असती. मालकीण म्हणून हात जोडणाऱ्याशी भांडायचं कसं? तिनं नितीनकडं पाहिलं. तो चाकाला लागलेली माती नखानं काढत बसला होता, आणि चाक तर कोरं होतं.

मॅडमनी तिला ट्रॅक्टरपाशी उभं केलं, मोबाईल तोंडासमोर धरला. पडद्यावर लाल गोल आला, त्यात तिचा चेहरा.

"पापण्या मिटा आणि उघडा, मग गोल हिरवा होतो," मॅडम म्हणाल्या.

दीपानं मिटल्या नाहीत. ठरवून केलं नव्हतं, पण डोळे उघडेच राहिले आणि मग तिनं ते तसेच ठेवले. मॅडमनी पुन्हा सांगितलं. नितीननं सांगितलं. नेट गेलं असेल म्हणून रंगनाथरावांनी आभाळाकडं पाहिलं. उन्हानं डोळे झोंबायला लागले, पाणी आलं, तरी ती तशीच. गोल लालच होता.  भामाबाई सुनेकडं एकटक बघत होत्या, आणि त्यांच्याही पापण्या हलत नव्हत्या.

शेवटी डोळे किती वेळ ऐकणार? पाणी ओघळलं आणि पापणी आपसूक मिटली.

गोल हिरवा झाला. झालं, मॅडम म्हणाल्या.

"आनंदाचं पानी हाय ते," रंगनाथरावांनी मॅडमना सांगितलं आणि पेढ्यांचा पुडा सोडला. पहिला पेढा त्यांनी मालकिणीच्या हातावर ठेवला. भामाबाई उठून आत गेल्या आणि भरलेली बॅग त्यांनी पलंगाखाली सारली.