लाभ, दोन, तीन

दामिनीनं चिंचोके फरशीवर ओतले आणि गिरिजाचं बोट धरून पहिल्या चिंचोक्यावर टेकवलं.

"हं, मोज."

"लाभ," गिरिजा म्हणाली. "दोन, तीन, चार…"

"थांब. पहिल्यापासून. एक."

"लाभ."

"एक म्हण ना राणी. आधी एक, मग दोन."

हिला एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं गिरिजानं आईकडं पाहिलं. "अव्वा लाभ म्हनती," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय तिथंच संपला.

अव्वा म्हणजे दामिनीची थोरली जाऊ, शिवकांता. उदगीरच्या त्या घरात कानडी वळणाचे काही शब्द अजून टिकून होते, त्यातला हा एक. जुनी माणसं आईलाच अव्वा म्हणत. दामिनीला ते चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो शब्द तिला टोचायचा. ती स्वतः मम्मी होती. शनिवारी संध्याकाळी लातूरच्या एसटीनं यायचं, पिशवीतून खाऊ काढायचा, सोमवारी पोरगी उठायच्या आत निघायचं. असली मम्मी.

तसं बघितलं तर तक्रार करायला तिला तोंड नव्हतं. गिरिजा दीड वर्षाची असताना लातूरच्या एका दवाखान्यातल्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. नवरा अमरेश औषधकंपनीच्या फिरतीवर, तिची ड्युटी कधी दिवसाची कधी रात्रीची. लेकराकडं बघायचं कुणी? तेव्हा शिवकांताच म्हणाली होती, "पोरगी राहू दे माझ्याजवळ. माझा पोरगा पुण्याला शिकायला गेला, घर नुसतं खायला उठतंय." त्या दिवशी दामिनीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. आता पोरगी पाच वर्षांची झाली, आणि त्याच शिवकांताचं नाव काढलं तरी हिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्या 'लाभ'चं तिला आधी काही कळलंच नव्हतं. ती नांदेडची, बाप एसटीत कंडक्टर. तिच्या माहेरी एकाला एकच म्हणत. पोरगी बोबडं बोलते असं समजून तिनं महिनाभर हसण्यावारी नेलं. मग एकदा शिवकांताचे यजमान, थोरले दीर मृत्युंजय यांनीच सांगितलं. त्यांचं मोंढ्यात धान्याचं दुकान. धान्याचं माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही बापजाद्यांची रीत. दुकानात आता इलेक्ट्रॉनिक काटा आला होता, पण घरी शिवकांता दळणाची ज्वारी अजून मापट्यानंच मोजायची, आणि गिरिजा पोत्याला टेकून तिच्यामागं म्हणायची. लाभ, दोन, तीन.

अक्षरांची तीच तऱ्हा. दामिनीनं लातूरहून अक्षरांचे लाकडी ठोकळे आणले होते, चांगले रंगीत, प्रत्येकावर चित्र. गिरिजानं त्यांची थप्पी लावून आडत दुकान मांडलं. स सोयाबीनचा, ग गव्हाचा, ह हरभऱ्याचा. सशाकडं आणि गणपतीकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. मोंढ्यात ढिगांवर लावलेल्या चिठ्ठ्या शिवकांता तिला येता-जाता दाखवायची, म्हणे. एसटीच्या गर्दीत मांडीवर जपून आणलेले ते ठोकळे, आणि त्यांच्यावरही जावेचंच राज्य.

त्या रविवारी दुपारी अंगणात तोच खेळ चालला होता. शिवकांता पदर खोचून जोत्यावर बसलेली, पुढं गिरिजाचं दुकान. दामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. पोरगी हातवारे करून भाव सांगत होती, शिवकांता नाक मुरडत होती, आणि दोघी मधूनच खिदळत होत्या. दामिनीला राहवलं नाही. ती जाऊन त्यांच्यात बसली.

"मी पण खेळते. मी कोण होऊ?"

गिरिजानं विचार केला. "तू कोन होनार?"

"गिऱ्हाईक होते."

"गिऱ्हाईक अव्वा हाय." पोरीनं इकडं तिकडं पाहिलं. मग तिला सुचलं. "तू बाहेरगावची पार्टी हो."

"ती काय करते?"

"फोन करती. मंग गाडी घेऊन येती, आन् माल भरून नेती."

शिवकांताला हसू फुटलं. तिनं तोंडाला पदर लावला, पण दामिनीनं पाहायचं ते पाहिलं. ती खाली मान घालून बाहेरगावची पार्टी झाली. कानाला हात लावून तिनं फोन केला, सोयाबीनचा भाव विचारला. गिरिजानं तिला भाव चढवूनच सांगितला.

संध्याकाळी शिवकांता देवळात गेली तेव्हा दामिनीनं मापटं उचललं आणि स्टुलावर चढून माळ्यावर, जुन्या पातेल्यांच्या मागं टाकून दिलं. शिकलेली बाई, रोज माणसांच्या रक्ताची तपासणी करणारी, आणि करते काय, तर लेकराचं खेळणं लपवते. तिची तिलाच लाज वाटली. तरी तिनं ते परत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली होती. सकाळी दळणाची वेळ झाली, आणि गिरिजानं घर डोक्यावर घेतलं. पलंगाखाली, कोठीत, न्हाणीत, सगळीकडं शोधून झालं. शिवकांता दारात उभी होती. तिची नजर माळ्याखाली तसंच राहिलेल्या स्टुलाकडं गेली, तिथून माळ्याकडं, तिथून दामिनीकडं. दामिनी भाजी निवडत राहिली. ती निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत होती.

"राहू दे ग बाई," शिवकांता पोरीला म्हणाली. "गेलं आसंल कुठं तरी. जा, फडताळातला पेला आन."

"पेल्यानं मोजत्यात का?"

"मोजत्यात की. मोजनाऱ्याला काय, कशानं बी मोजता येतंय."

मग दोघी कोठीत जाऊन बसल्या, आणि आतून पेल्याचा आवाज आणि तीच मोजणी ऐकू येऊ लागली. दामिनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जाऊ भांडली असती तर बरं झालं असतं.

मे महिन्यात लातूरच्या एका शाळेनं प्रवेशासाठी भेटायला बोलावलं. मुलाखत म्हणत नाहीत आता, भेट म्हणतात, पण भेटीला जाणाऱ्या सगळ्या आयांचे चेहरे मुलाखतीचेच असतात. निघताना शिवकांतानं गिरिजाची वेणी घातली, कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली आणि दामिनीला म्हणाली, "लई दटावू नको तिला. घाबरती." दामिनीनं हो म्हटलं आणि एसटी सुटल्यापासून दटावायला सुरुवात केली.

"बाई मणी देतील. काय म्हणायचं?"

"एक."

"शाबास. आणि लाभ?"

"लाभ न्हाई म्हनायचं."

त्या शाळेत प्रवेश मिळाला की पोरगी जूनपासून लातूरला येणार होती. रोज सकाळी दामिनी तिला उठवणार होती, तिचा डबा भरणार होती, तिच्या वेण्या घालणार होती. एवढंच हवं होतं तिला. पोरगी आपली व्हायला हवी होती. ती आपलीच आहे हे ती कुणालाही सांगू शकली असती, फक्त स्वतःला पटवता येत नव्हतं.

शाळेतल्या बाई वयानं मोठ्या, बोलायला मऊ. त्यांनी खाली सतरंजीवर बसून गिरिजापुढं लाल मणी सरकवले.

"मोजून देशील मला?"

गिरिजानं मणी ओंजळीत घेतले आणि बाईंसमोर ढीग घातला. दामिनीनं ओठ हलवून दाखवले, एक. पोरीनं ते पाहिलं नाही. ढीग दिसल्यावर तिला दुसरं काही दिसतच नसे.

"लाभ," ती म्हणाली. "दोन, तीन, चार…" आणि न चुकता शेवटपर्यंत गेली.

"एक कुठं गेला मग?" बाईंनी विचारलं.

"मालाला एक म्हनायचं नसतंय. पैला लाभ. तसं म्हनलं की बरकत येती."

बाई हसल्या. त्या मण्यांना पाय फुटून ते पळून गेले असते तरी दामिनीला चाललं असतं.

"किती छान मोजतेस ग. घरी कोण खेळतं तुझ्याशी? कोण शिकवतं हे सगळं?"

झालं. दामिनीनं खिडकीकडं तोंड फिरवलं. आता तो शब्द येणार, आणि या परक्या बाईसमोर येणार.

"मम्मी," गिरिजा म्हणाली.

दामिनीला एकदम भरून आलं. खोटं होतं, तरी आलं. बाईंनी तिच्याकडं पाहून कौतुकानं मान हलवली, आणि दामिनीनं ते कौतुक घेतलं.

बसस्टँडवर दोघी उदगीरच्या गाडीची वाट बघत बसल्या. गिरिजाच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. दामिनीनं तिला जवळ ओढलं. तिला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

"बाईंनी विचारलं तेव्हा तू माझं नाव सांगितलंस?"

"हाव."

"का ग?"

गिरिजानं बिस्कीट चावत सांगितलं, "अव्वा म्हनली, बाईनं इचारलं की मम्मीचं नाव घ्यायचं. न्हाईतर मम्मीला लई वाईट वाटतंय, म्हनली."

समोर गाड्या लागत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते. दामिनीचा हात पोरीच्या पाठीवर होता तसाच राहिला. म्हणजे तेही जावेनंच दिलेलं. वेणी घालता घालता पोरीच्या कानात टाकलेलं. तिला संताप आला, मग रडू आलं, आणि दोन्हीतलं आधी कुठलं येऊ द्यावं ते कळेना तेवढ्यात फोन वाजला. शिवकांताच होती.

"झालं का? काय म्हनले?"

"झालं. कळवतील. आवडली त्यांना."

"मोजलं का नीट?"

"मोजलं."

शिवकांता जरा घुटमळली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "शिकिवतं कोन, आसं काई इचारलं का?"

"विचारलं."

"मंग? काय म्हनली पोरगी?"

तो शब्द दामिनीनं आजवर स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारला नव्हता.

"अव्वा, असं म्हणाली," दामिनी म्हणाली. "अव्वा शिकवते, म्हणाली."

पलीकडं शिवकांतानं नाक ओढलं.

"येडी हाय ती," ती म्हणाली. "मी तिला सांगून पाठिवलं हुतं…" आणि ती थांबली. "जाऊ दे. ऊन लई हाय, पोरीच्या डोक्यावर पदर धर."

गिरिजानं मान वर करून आईकडं पाहिलं. बिस्किटाचा घास तोंडातच होता. "मम्मी, मी तसं कुठं म्हन…"

दामिनीनं पटकन ओठांवर बोट ठेवलं.

पोरगी क्षणभर गोंधळली. मग तिचे डोळे चमकले. तिला वाटलं, हा काहीतरी नवीन खेळ आहे, आणि यात मम्मी आधीपासूनच आहे. तिनंही बिस्किटानं माखलेलं बोट ओठांवर ठेवलं आणि सरकून आईच्या मांडीवर येऊन बसली.