कांडीवरची खाच

रविवारी सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल उघडा.

"बाबा म्हणतायत, येऊन डोब्रो घेऊन जा."

"दुरुस्तीला न्यायचाय का, ताई?"

"नाही रे. कायमचा. तुला देतायत. वाजवणं बंद केलंय त्यांनी."

"बंद? का?"

"म्हणतात, माझं डोकं आता माझं राहिलं नाही. तू ये. माझ्याशी धड बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतील."

फोन ठेवला आणि पुन्हा आरशाकडे वळलो, पण आरशात बघवेना. उरलेली दाढी मी अंदाजाने केली, दोन ठिकाणी कापलं.

"कुणी गेलं का?" बायकोने विचारलं.

"काका डोब्रो देतायत मला."

"मग तोंड असं का? तीस वर्षं त्या वाद्याकडे दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तसं बघतोयस. जा की नाचत."

मी नाचत गेलो नाही. बस होती, तरी चालत गेलो. पोचायला जितका उशीर होईल तितका हवा होता.

डोब्रो म्हणजे गिटारचाच भाऊबंद, पण वागणूक वेगळी. तो छातीशी धरायचा नाही, मांडीवर आडवा घ्यायचा, निजलेल्या लेकरासारखा. त्याच्या पोटात पातळ धातूची वाटी, वर जाळीचं झाकण. उजव्या हाताच्या बोटांना तारा छेडायच्या नख्या, डाव्या हातात पोलादाची कांडी. तार दाबायची नाही, कांडी नुसती तारेवरून सरकवायची. म्हणून एका सुरापासून दुसऱ्या सुरापर्यंतची सगळी वाट ऐकू येते, वाटेतला खडा न् खडा ऐकू येतो. लपायला कुठे जागा नाही.

काका माझे सख्खे नव्हेत, गाण्यांना साथ वाजवणारे आम्ही सगळेच त्यांना काका म्हणतो. त्यांनी हे वाद्य हाती घेतलं आणि आमच्या धंद्यातल्या माणसांची चाल बदलली. व्हायोलिनवाला गज ओढताना काकांसारखा किंचित उशिरा पोचू लागला. बासरीवाला म्हणायचा, "मी श्वास घ्यायला काकांकडून शिकलो, त्याआधी नुसता फुंकत होतो." ड्रमवाल्याच्या काठ्या काका शेजारी असले की आपोआप हळू पडत, आजाऱ्याच्या खोलीत पाऊल पडतं तशा. आणि मी? मी पहिल्या दिवशी माझा साधा डोब्रो घेऊन त्यांच्या स्टुलाला स्टूल लावून बसलो तो तीस वर्षं उठलोच नाही. त्यांनी माझं नाव ठेवलं चिकट्या. सगळा स्टुडिओ मला त्याच नावाने हाक मारतो.

त्या दिवसांत काकांच्या वाजवण्यात एक गोष्ट होती. जाड तारेवरून बारीक तारेवर जाताना, सूर लागायच्या ऐन आधी, बारीकशी कुर्र व्हायची. दार उघडायच्या आधी कडी वाजावी तशी. त्या कुर्रवर आम्ही सगळे जीव टाकायचो. माझ्या कांडीतून ती निघेना. मी कांडी बदलली, तारा बदलल्या. मग एकदा काका हात धुवायला गेले असताना त्यांची कांडी उचलून बघितली, तिच्या कडेला नखाएवढी खाच होती. घरी आलो, कानस घेतली आणि माझ्या नव्याकोऱ्या कांडीला तशीच खाच पाडली. दुसऱ्या दिवशी कुर्र निघाली. मला वाटलं, विद्या मिळाली.

आता आठ महिन्यांपूर्वीचं सांगतो.

एका तरुण गायिकेच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी अर्ध्या मिनिटाचा डोब्रो होता. काका वाजवून गेले. दुसऱ्या दिवशी संगीतकाराने मला बोलावलं. "काकांचा हात गेला रे," तो म्हणाला. "ऐक तू." रेकॉर्डिस्टने ऐकवलं. दोन सूर आणि मग थांबणं. इतकं लांब थांबणं, की त्यांच्याऐवजी मलाच घाम फुटला. मग पुढे काहीतरी, सावकाश, कुर्र नसलेलं.

"तू वाजव," संगीतकार म्हणाला. "त्यांच्यासारखंच. नाव त्यांचंच ठेवू. म्हाताऱ्याचा मान राहील."

मी अर्ध्या तासात वाजवलं. काकांचं जे जे म्हणून मला येत होतं ते सगळं त्यात घातलं. उशिरा पोचणं, सुराला खालून उचलणं, कुर्र. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट ओरडला, "चिकट्या, हे तर काकांपेक्षा काका!" खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं.

"जुना टेक ठेवू का?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणालो. "उद्या कुणाच्या हाती लागला तर काकांची शोभा होईल. पुसून टाक."

त्याने पुसला. आठवड्याभरात गाणं बाहेर आलं आणि गाजलं. जो तो म्हणू लागला, म्हातारा अजून तसाच वाजवतो. मी मान डोलवायचो.

तर त्या रविवारी मी काकांच्या घरी पोचलो. त्यांची मुलगी दातांच्या कवळ्या घडवते. पुढच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर दिवा, पॉलिशचं चाक आणि प्लास्टरचे साचे. मी बसायला स्टूल ओढलं तर काका ओरडले, "अरे, तिथे नको! तिथे कुणाचे तरी दात आहेत. बसलास तर चावतील."

हसलो. काकाही हसले. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते, पायाशी डोब्रोची पेटी, दोन्ही खटके लावलेली.

"ते गाणं ऐकलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी रोज ऐकतो. मला आठवत नाही रे, मी ते वाजवलेलं."

मी टेबलावरच्या साच्यांकडे बघत राहिलो.

"मला आठवतंय ते निराळंच. त्या पोरीने आधीचा शब्द असा सोडला होता, की त्याच्यावर लगेच काही ठेवणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी थांबलो होतो. चांगला थांबलो होतो. आणि ऐकतो तर कुठे थांबलेलोच नाही! धावतोय नुसता. आणि वर ती कुर्र." त्यांनी खिशातून कांडी काढून माझ्या हातात दिली. "बघ. आहे कुठे खाच?"

कांडी गुळगुळीत होती. मी तरी अंगठा फिरवत राहिलो.

"माझी पहिली कांडी फरशीवर पडली होती," काका म्हणाले. "खाच पडली, तार खरवडायची. लोकांना आवडायचं, मला लाज वाटायची. नवी कांडी आली तरी हाताला सवय लागलेली, तिथे आलं की मनगट आपसूक वाकडं व्हायचं. ती खोड मोडायला दोन वर्षं गेली माझी. आणि आता साफ कांडीतून मला कुर्र ऐकू येते. म्हणजे एक तर कान गेले, नाहीतर डोकं गेलं. काहीही गेलं असलं तरी माणसाने मग वाजवू नये."

"डॉक्टरांनी तपासलंय, बाबा," ताई टेबलावरून म्हणाली. "काही झालेलं नाही तुम्हाला."

"डॉक्टरला डोब्रो कळतो का?" काकांनी पायाने पेटी माझ्याकडे सरकवली. "घे, चिकट्या. तुझ्याकडे राहील तर वाजत तरी राहील. तुझ्या हातात मी आहे थोडाफार."

पेटीची मूठ कातड्याची, हाताळून काळी झालेली. मी ती धरली. हो, धरली. उचलली असती तर वाद्य माझं झालं असतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती. काकांनी उरलेले दिवस स्वतःच्या डोक्यावर संशय घेत काढले असते, आणि मी त्यांच्या तारांवर त्यांचं नाव वाजवलं असतं. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं, आणि तरी माझी मूठ सुटेना.

मग माझ्या तोंडून निघालं, "काका, ते तुम्ही वाजवलेलं नाही."

"मग कुणी?"

"मी."

पॉलिशचं चाक थांबलं. मी वाजवलं तिथपर्यंत सगळं सांगितलं, खाली फरशीकडे बघून. माझा आवाज मलाच चोराचा वाटत होता.

काकांनी विचारलं, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"हो."

"आणि कान?"

"तेही."

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका पसरली, आणि ती बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

शिव्या ताईनेही दिल्या नाहीत. ती रुमालाला हात पुसत उठली. "आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने बाबा चमचा कुठे ठेवला तेसुद्धा मला विचारून खात्री करून घेतायत. आणि तू दर पंधरा दिवसांनी येऊन इथे चहा पिऊन जात होतास. दोन चमचे साखर घालून."

"राहू दे ग," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बरं, मग मी काय वाजवलं होतं? ते ऐकव."

"ते पुसलं."

"कुणी?"

"मीच सांगितलं पुसायला."

"असू दे. मग वाजवून दाखव. तुला माझं सगळं येतं."

त्यांनी स्वतः वाकून पेटी उघडली, डोब्रो माझ्या मांडीवर ठेवला. मी नख्या घातल्या, माझी कांडी काढली. पहिले दोन सूर आले. मग थांबलो. किती थांबायचं? आणि त्यानंतर कुठला सूर होता, वरचा की खालचा? मी डोळे मिटले, स्टुडिओतली ती काच आठवली, संगीतकाराचा चेहरा आठवला, माझा घाम आठवला. सूर आठवेना. तीस वर्षांपूर्वीचं त्यांचं हरएक वळण मला झोपेत वाजवता येतं. आठ महिन्यांपूर्वीचं मी स्टुडिओत बसून ऐकलं होतं, आणि कानात काही उरलंच नव्हतं. मी ऐकत नव्हतोच. मी त्यांची कीव करत बसलो होतो. हात चाचपडला, सवयीने बारीक तारेवर गेला आणि कुर्र झाली.

"कांडी दाखव," काका म्हणाले.

दिली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, उजेडात धरली. "ही पडून झालेली खाच नव्हे."

"नाही. कानशीने पाडली."

"कधी?"

"तुमच्याकडे यायला लागलो त्याच वर्षी."

काका हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, ठसका लागेपर्यंत हसले, ताईला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन झालं तेव्हा हसू उरलं नव्हतं. "माझी कांडी पडली," ते म्हणाले, "ते तू जपून ठेवलंस. आणि मी पुढे गेलो, ते ऐकलं नाहीस."

मी डोब्रो त्यांच्या मांडीवर परत दिला.

"त्या गाण्यावरचं माझं नाव काढायला सांग," काका म्हणाले. "तुझं घाला."

"सगळ्यांना कळेल, काका. का बदललं म्हणून विचारतील."

"विचारतीलच. सांग त्यांना. ती कुर्र माझ्या नावावर नको. नवी पोरं उद्या कानशी घेऊन बसतील."

"आत्ता करू का फोन?"

"मग कधी? मी मेल्यावर?"

त्यांच्यासमोरच फोन लावला. संगीतकार आधी हसला, मग चिडला. "वेड लागलंय का तुला? गाणं चाललंय, लोक खूश आहेत, काका खूश आहेत."

"काका समोर बसलेत," मी म्हणालो. "ते खूश नाहीत."

तो हळू आवाजात म्हणाला, "अरे, तुझं नाव खराब होईल. पुन्हा कोण बोलावणार तुला?"

"तरी घाला."

आयुष्यभर वाटत आलं, एखाद्या गाण्याखाली आपलं नाव छापलं जावं. मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं. त्याला ते ठाऊक नव्हतं, चिकट्याच ठाऊक होतं. एकेक अक्षर सुटं करून सांगताना माझे कान तापले होते.

फोन ठेवला तोवर काका वाजवायला लागले होते. ताई चाक बंदच ठेवून दाराशी उभी होती. काकांनी दोन सूर घेतले आणि थांबले. कांडी तारेवर हलकी टेकलेली, हात जराही कापत नव्हता. खालच्या रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, ते वाजून विरेपर्यंत ते थांबले, मग पुढचा सूर ठेवला. साधा, स्वच्छ. कुठून आला ते कळलं नाही.

'वा' म्हणायला माझं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.