विझलेल्या चुलीची रेघ

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जन्म अंबाल्याचा, नोकरी जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या एका लहान रक्ततपासणी केंद्रात. मित्रांनो, माणसं दारातून वाघासारखी येतात आणि सुई दिसली की मांजर होतात. मी टेबलावरून सगळं पाहत असतो.

मलेरियाचा जंतू पकडणारा म्हणून माझी फार वाहवा झाली. मग तपासणीची पट्टी आली. रक्ताचा थेंब टाका, रेघा वाचा! मला कपाटाच्या तळाशी धाडायचं ठरू लागलं. पट्टीचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण तिचं एक कसब माझ्यात नाही. जंतू रक्तातल्या साखरेवर जगतो. त्या साखरेतून ताकद काढायला त्याच्याकडे एक एन्झाईम असतं. ती त्याची चूल. जंतू मेला की चूल विझते आणि पट्टीवर तिची रेघ उमटत नाही. दुसरी रेघ जंतूनं रक्तात सोडलेल्या प्रथिनाची; ती मात्र फोडणीच्या वासासारखी, स्वयंपाक उरकल्यावरही कितीतरी दिवस रेंगाळते.

रक्त तपासणाऱ्या आमच्या हिंदीभाषिक दीक्षानं कलावतीबाईंना हे असंच समजावलं होतं. त्यांच्या मुलानं, पुंडलिकनं, मलेरियाच्या गोळ्या संपवल्या आणि त्याला पुन्हा कणकण आली. दीक्षानं त्याचं रक्त पट्टीवर तपासलं आणि बाईंना फोन केला, "मावशी, वासवाली रेघ आहे, पण चुलीची जागा खाली आहे."

बाई रडतच आल्या, हातात कपड्यांची पिशवी.

"खाली चुलीची रेघ हाये म्हणतेस! म्हणजे जंतू जित्ताच हाये. मी पोराला नागपूरला घेऊन जाऊन राहिली."

"अहो मावशी, खाली म्हणजे खाली! कुछ नहीं!"

"काहून कुछ नहीं? वर नसंल, पण खाली तर हाये ना?"

दीक्षाचं मराठी तिथंच संपलं. तिनं पुंडलिकच्या रक्ताची काच माझ्या भिंगाखाली सरकवली. आम्ही दोघांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला. जंतू एकही नाही.

"मावशी, चूल विझली. घर... रिकामं! कणकण दुसऱ्या कशाची असेल, डॉक्टर बघतील."

"मग रिकामं म्हण ना, पोरी!" बाई डोळे पुसत हसल्या. "तुझ्या मराठीनं माझाच जीव घेतला असता."

माझ्या हिशेबात हे सगळं जमेला. पट्टीचे आभार, मला न दिसणारं ती सांगते. दीक्षाचे आभार, शंका आली तेव्हा तिला मी आठवलो.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानं पुसत जा. आणि मला कपाटात खाली ठेवू नका. टेबलावरची माझी जागा खाली दिसेल, आणि दोन्ही 'खालीं'चं दुःख मला एकदम सोसायचं नाही.