नोंद झाली

सकुबाईने रिकामा हंडा भगीरथच्या टेबलावर आदळला, तसा त्याचा चहा कलंडला.

आसनगाव स्टेशनजवळच्या त्या दोन खोल्यांतून टँकरच्या मागणीचं वेब ॲप चालायचं. गावकऱ्यांनी मोबाइलवरून मागणी नोंदवायची, ती पाहून टँकर सुटायचा. भगीरथ मालक, आणि ॲप लिहिणारी रंजिता.

"पानी कुठंय?" सकुबाईने विचारलं. तिच्यामागे पाड्यावरच्या बाया दाराशी दाटल्या होत्या. सगळ्या मुरबाडच्या डोंगरातून जीप करून आल्या होत्या.

"तुमच्या पाड्याची मागणीच नाही आलेली," भगीरथ चहा पुसत म्हणाला. "मागणी करायची नाही आणि वर भांडायला यायचं!"

"रोज करतो आमी. दाखव गो तानी."

तानी तिची सून. तिने मोबाइल पुढे धरला. हिरव्या पट्टीवर अक्षरं होती: नोंद झाली.

"हिरवं येतं. पानी नाय येत," तानी म्हणाली.

रंजिताने उठून तानीच्या मोबाइलमध्ये पाहिलं. पाड्याचा क्रमांक यादीत सापडला नाही, तर तिच्या ॲपमध्ये एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, उठायचं, काम तिथेच थांबायचं आणि लाल पट्टीवर कारण दिसायचं. मग हे हिरवं आलं कुठून? तिने आपल्या कॉम्प्युटरवर कोड उघडला. तिने वापरलेल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ॲपच्या तयार सांगाड्यात, एक जागा होती, कुठेही न पकडलेली प्रत्येक चूक शेवटी तिथे येऊन पडायची. तिथल्या तिच्या ओळी गायब होत्या. नव्या ओळी भगीरथच्या नावाने चढलेल्या होत्या: चूक कुठलीही असो, गिळायची, कुठे लिहूनही ठेवायची नाही आणि माणसाला सांगायचं, नोंद झाली.

"हे तुम्ही केलंत?"

"मग? साहेब लोकांसमोर दाखवताना लाल पट्टी आली, तेव्हा तोंड कुणाचं काळं झालं? माझं. गप्प बस."

"सर, माणसं तहानलेली आहेत."

भगीरथ बायांकडे वळला. "ॲप हिने लिहिलंय. तुमच्याकडचीच आहे. विचारा हिला."

सकुबाईने रंजिताला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कुणाची गो तू?"

"सिद्धगडाखालच्या जाणूची."

"आपल्यातली हायस, नि आमाला वाळवतेस?"

बोलून कुणाला पटणार नव्हतं. रंजिताने खुर्ची ओढली आणि भगीरथच्या ओळी पुसून टाकल्या.

"हात काढ," भगीरथ ओरडला. ती थांबली नाही. तिने जुन्या ओळी परत घातल्या, ॲप चालू केलं आणि तानीला म्हणाली, "आता करा मागणी."

तानीने बोट दाबलं. पट्टी लाल झाली: पाड्याचा क्रमांक सापडला नाही. मागणी नोंदलेली नाही.

"म्हंजे इतके दिवस..." तानी म्हणाली.

"इतके दिवस याने फसवलं," सकुबाई म्हणाली आणि तिने भगीरथची कॉलर धरली. बायांनी तिला ओढलं नसतं तर तिने त्याला भिंतीवर आपटलं असतं. त्या गोंधळात रंजिताने पाड्याचा क्रमांक यादीत घातला, मागणी चढवली आणि ड्रायव्हरला फोन लावला. तोवर ऑफिसचा फोनही खणखणू लागला होता. इतर पाड्यांवरही लाल पट्ट्या उमटत होत्या.

"नीघ," भगीरथ रंजितावर ओरडला. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

ती निघाली. जीपमध्ये बायांनी तिला जागा दिली नाही. "पानी येऊ दे, मंग बोलू," सकुबाई म्हणाली. तिने रंजिताचा नंबर तानीला घ्यायला लावला आणि दार लावून घेतलं.

दिवेलागणीला सकुबाईचा फोन आला. "आला टँकर. गढूळ हाय." एवढंच बोलून तिने तो ठेवला.

दुसऱ्या दिवशी रंजिताने घरून ॲप उघडलं. जगात नसलेल्या एका पाड्याचा क्रमांक टाकून मागणी केली. पट्टी हिरवी. नोंद झाली.

तिने सकुबाईला फोन लावला. "मावशी, त्याने परत तेच केलंय. हिरवं दिसलं तरी खरं मानू नका."

"आमाला नको शिकवू," सकुबाई म्हणाली. "पन साऱ्या पाड्यांच्या बाया सोमवारी जातायत त्याच्याकडं. त्यानं काय लिवलंय ते आमाला वाचता नाय येत. तू ये."

"येते."

"नाय आलीस तर पुढं तुझ्याच दारात येऊ," सकुबाई म्हणाली.