लायटरमधून आलेले अप्पा

त्या उन्हाळ्यात पडेगावच्या नव्या कॉलनीत दोनच ठिकाणी गर्दी व्हायची, टँकरपाशी आणि लहरीमहाराजांच्या पत्र्याच्या शेडात. टँकरचा भरवसा नसायचा. महाराजांकडं मेलेली माणसं मात्र वेळेवर यायची.

टेबलावर रेडिओ, शेजारी लॅपटॉप. रेडिओ खरखरला की पडद्यावर आपोआप इंग्रजी अक्षरं उमटायची.

"ही मोर्सची लिपी. टिंब आणि रेघ. यंत्राला खोटं बोलता येत नाय," महाराज म्हणाले. "ई, म्हणजे इथं. टी, म्हणजे तुझ्याजवळ. व्यंकटराव आलेत, माय."

दमयंतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचे यजमान जन्मभर हौशी रेडिओवाले, घरच्या संचावरून मोर्समध्ये दूरदूरच्या लोकांशी बोलणारे. घरातली ती टिकटिक बाईंना कधी कळली नव्हती. आज यजमानांचा संच त्या महाराजांना देणार होत्या. त्यावर राव स्पष्ट बोलतील, असं महाराजांनी सांगितलं होतं.

संचाची पिशवी मुलीच्या, सावनीच्या मांडीवर होती. ती पडद्याकडं बघत होती. ई, टी, ई, आय. हेच सॉफ्टवेअर वडिलांनी, अप्पांनी तिला दाखवलं होतं, हसत हसत.

पिशवी आईकडं देऊन ती मागं गेली. रेडिओची तार टांगलेल्या खिडकीपाशी सारजाबाई भक्तांसाठी चहा टाकत होत्या.

"मावशी, जरा गॅसचा लायटर द्या."

टक, टक, टक.

"ई, ई, ई," महाराज डोळे विस्फारून म्हणाले. "इथं, इथं, इथं. राव आज लई घाईत हायेत. संच मागतायत, माय."

सावनी लायटर घेऊन पुढं आली. सगळ्यांसमोर तिनं तो तारेजवळ दाबला. ई.

"हे माझे अप्पा का, महाराज?"

"मग आमच्या सैपाकघरात बी राव हायेत की," मागं बसलेला कॉलनीतला रामकिसन म्हणाला. शेड हसली.

"ठिणगीनं रेडिओत खटका येतो," सावनी म्हणाली. "सॉफ्टवेअरला खटका म्हणजे टिंब, आणि एकटं टिंब म्हणजे ई. लांब खरखर म्हणजे रेघ, टी. पलीकडं कुणी नसलं तरी ते अक्षरं छापतंच."

"विज्ञानाच्या पलीकडं बरंच काही असतं, बाई."

"जाऊ पलीकडं. आधी रेडिओचा आवाज बंद करून बघू. अप्पा असतील तर तरीही लिहितील."

तिनं बटण फिरवलं. पडदा कोरा राहिला.

परतताना रिक्षात दमयंतीबाईंनी पिशवी घट्ट धरली होती. त्यांनी विचारलं, "बोलणं संपवताना हे काय पाठवायचे गं?"

"त्र्याहत्तर. रेडिओवाल्यांच्या खुणेत त्याचा अर्थ शुभेच्छा. त्याशिवाय अप्पांनी कधी संच बंद केला नाही."

"मला वाजवून दाखवशील?"

दुःखातला माणूस खरखरीतही आपल्या माणसाचा आवाज शोधतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो आवाज येतो कुठून, हे बटण फिरवून बघावं.