कच्च्या टाक्याचा अर्ज

मी एक जुना अर्ज आहे, मित्रांनो. अर्जाला आपली गोष्ट रकान्यांतूनच सांगता येते, तेव्हा सांभाळून घ्या.

रकाना १. नाव.
मतदार नोंदणीचा आणि टपाली मतदानाचा अर्ज. हजारो भावंडांसोबत छापखान्यात जन्मलो. ज्यांना कचेरीत येता येत नाही, त्यांच्या घरी आम्ही जायचे.

रकाना २. पत्ता.
शिलाई मशीनशेजारचा पलंग. त्यावर शिंपीणमावशी, उजवा पाय प्लास्टरमध्ये. त्या नुकत्याच भाचीकडे राहायला आल्या होत्या, म्हणून इथल्या यादीत त्यांचे नाव नव्हते. शेवटची तारीख पाच दिवसांवर.

"आजवर एकदाही मत चुकवलं नाही मी," मावशी म्हणाल्या. "आता या पायापायी चुकवू?"

"मग स्टुलावर चढायचं नव्हतं," भाची म्हणाली.

रकाना ३. हजर न राहण्याचे कारण.
मावशींनी लिहिले, "पाय." जागा उरली होती. विचार करून पुढे लिहिले, "मोडला."

रकाना ४. सही.
केली. झोकात.

रकाना ५. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.
इथे घोटाळा झाला. मावशींनी टाचणी शोधलीच नाही. सुई घेतली आणि दाखला मला शिवून टाकला, नेमका सहीवर! चार टाके. मला गुदगुल्याच झाल्या.

रकाना ६. फक्त कार्यालयासाठी.
शेवटच्या दिवशी मी कचेरीत पोचलो.

"सही नाही. परत पाठवा," साहेब म्हणाले.

परत म्हणजे तारीख गेली, मावशींचे मतही गेले! कागदाला काळीज असते, तर त्याचे पाणी झाले असते.

कारकूनबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवले. "थांबा साहेब, हा कच्चा टाका आहे. माझी आई शिवणकाम करायची ना! पक्की शिवण घालेपर्यंत कापड धरून ठेवायला असतो. ओढला की सुटतो."

ओढला. सर्रकन सुटला. खाली सही, ऐटीत बसलेली!

"अरे, मग आधी सांगायचं नाही का?" साहेब मलाच म्हणाले आणि त्यांनी धाडकन शिक्का मारला.

रकाना ७. (हा छापलेला नाही. मीच वाढवला.)
महिन्याभराने मावशींचे मत टपालाने आले. कारकूनबाईंनी पाकीट उलटून पाहिले आणि हसत सुटल्या. "साहेब, या वेळी डिंक लावलाय हो!"

आता मी फायलीत असतो. अंगावर आठ बारीक भोके आहेत, शेजारचे अर्ज त्यांचा हेवा करतात. मित्रांनो, आम्हांला दुमडा, जोडा, हवे तर शिवाही; पण सही झाकू नका आणि घरून लवकर निघू द्या. प्रत्येक कचेरीत शिंपिणीची लेक नसते.